वाघमारे मॅडमचा पाचवा महिना

वाघमारे मॅडमवर मी लिहावं, हे खरं तर बरोबर नाही. त्यांच्यासोबत वर्षानुवर्षं शिकवलेले लोक आहेत, त्यांच्या हाताखाली संशोधन केलेल्या बायका आहेत. त्यांनी लिहिलं तर ते नीट होईल. मी त्यांच्याकडे बी.एस्सी.ला प्राणिशास्त्र शिकलो, एवढाच माझा संबंध. त्यांना विचारून लिहायला हवं होतं, तेही झालं नाही. शिवाय त्यांच्याबद्दल लिहायचं म्हणजे बाईच्या गर्भाशयाबद्दल लिहावं लागतं. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, आणि आमच्या घरात असला शब्द कुणी मोठ्यानं उच्चारलेला मी परवापरवापर्यंत ऐकलेला नव्हता. आई अंथरुणाला खिळली तरी 'बरं नाही' एवढंच बोललं जायचं. ही ओळ लिहितानाही मी खोलीचं दार लोटून घेतलं आहे. काही कमीजास्त झालं तर वाचणाऱ्यांनी मला माफ करावं.

मॅडम बुटक्या, चष्मा सतत नाकावर घसरलेला. साड्या सुती आणि कायम गडद रंगाच्या: काळपट निळी, मातकट लाल, जांभळी. खांद्याला कापडी पिशवी, तिच्यात स्टीलची बाटली आणि स्टीलचाच डबा. पण नवीन मुलांचं लक्ष आधी जायचं ते त्यांच्या पोटाकडं. ते पुढं आलेलं होतं, आणि बाकीचं अंग बारीक असल्यामुळं ते जास्तच दिसायचं. मॅडमचं लग्न झालेलं नव्हतं. तेव्हा मागच्या बाकांवर काय बोललं जात असेल ते सांगायला नको. मीही मागच्याच बाकावर बसायचो.

हार्मोनचा धडा सुरू झाला त्या दिवशी मॅडम फळ्याजवळ आडव्या उभ्या राहिल्या, म्हणजे पोट सगळ्यांना दिसेल अशा.

"मागं जी चर्चा चाललीय ती मला ऐकू येते," त्या म्हणाल्या. "तर आधी सांगून टाकते. हे बाळ नाही. ही गाठ आहे. फायब्रॉइड. गर्भाशयाच्या स्नायूचीच गाठ. कॅन्सर नाही. पाच महिन्यांच्या गरोदर बाईचं असतं तेवढं माझं गर्भाशय झालंय. कळलं? आता वह्या उघडा."

मुली खाली बघत होत्या, मुलं खिडकीतून बाहेर. मॅडमनी फळ्यावर खडूनं गर्भाशय काढलं, त्यात एक मोठी गाठ आणि दोन लहान. "ही माझी. सोनोग्राफीत अशीच दिसते. इतकी सुबक नाही, पण अशीच."

मग त्या शिकवायला लागल्या, आणि तो तास मला अजून पाठ आहे. ही गाठ मुळात का होते ते पक्कं कुणालाच माहीत नाही, पण ती कशावर पोसते ते माहीत आहे. इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन. म्हणून पाळी यायच्या आधीच्या वयात ती सहसा सापडत नाही, आणि पाळी गेली की बहुतेक वेळा आक्रसत जाते. मग त्यांनी मला उभं केलं.

"अंकुशराव," त्या मुलांना असंच राव लावून बोलायच्या, "तुमच्या दारावर कुणी तुमच्या चुलत्याच्या आवाजात हाक मारली, तर आई कडी काढेल की नाही?"

"काढेल."

"आणि बाहेर चुलता नसलाच तर?"

वर्ग हसला. मॅडम हसल्या नाहीत. "प्लास्टिक मऊ राहावं म्हणून त्यात काही रसायनं घालतात. काही कीटकनाशकं आहेत. काही वासाच्या क्रीम-पावडरीतली आहेत. ह्यातली काही रसायनं आपल्या हार्मोनच्या आवाजात हाक मारतात. पेशी बिचारी कडी काढते."

एकानं विचारलं, "म्हणजे मॅडम, तुमची गाठ प्लास्टिकमुळं झाली?"

"असं मी म्हणाले का?" मॅडमचा आवाज चढला. "ज्या बायांच्या लघवीत ही रसायनं जास्त, त्यांच्यात गाठी जास्त, असं काही ठिकाणी दिसलंय. काही ठिकाणी दिसलेलं नाही. संबंध दिसणं वेगळं, कारण सापडणं वेगळं. पेपरात ज्यानं हे दोन एक केलं, त्याला मी शून्य मार्क देणार."

त्यांनी खरंच दिले. मला नाही, पण दिले.

मॅडमचं वय तेव्हा पंचेचाळीसच्या पुढं होतं. डॉक्टरांनी त्यांना पिशवी काढायला सांगितलेली होती. आमच्याकडं गर्भाशयाला पिशवीच म्हणतात. मॅडम म्हणायच्या, "पाळी जायची वेळ जवळ आलीय. तेवढी थांबले तर ही आपोआप उतरेल. मी हिच्याशी शर्यत लावलीय." शर्यत कशाची, तर त्यांच्या अंगातल्या रक्ताची. दर महिन्याला एवढं रक्त जायचं की पाळी जाईपर्यंत अंगात रक्त टिकतं का, हाच प्रश्न होता. हे त्या हसत सांगायच्या आणि लोहाच्या गोळ्या चण्यासारख्या खायच्या.

औरंगाबादजवळच्या करमाडला त्यांची आई असायची. दर शनिवारी मॅडम एसटीनं तिकडं जायच्या. एकदा मीही त्याच गाडीत होतो. गर्दी होती. एका बाईनं मॅडमना बघून नवऱ्याला उठवलं, जागा दिली, आणि मायेनं विचारलं, "कितवा महिना, ताई?"

"पाचवा," मॅडम बसत म्हणाल्या.

"जपा बरं. पहिलाच का?"

"पहिलाच. चार वर्षं झाली, पाचवाच चालूय."

ती बाई आधी दचकली, मग तोंडाला पदर लावून इतकी हसली की कंडक्टर वळून बघायला लागला. वाटेतलं शेंद्रा येईपर्यंत तिनं मॅडमना आपल्या जावेचं दुखणं, आपलं दुखणं, सगळं सांगून टाकलं होतं. मॅडमचं असंच होतं. लोक त्यांच्यापुढं आधी लाजायचे आणि मग थांबायचेच नाहीत.

कॉलेजच्या फाटकासमोर एका चाचांची चहाची टपरी आहे. स्टाफरूमला चहा जायचा तो प्लास्टिकच्या पन्नीत, वर गाठ मारून, उकळता. मॅडमना ते बघवायचं नाही. त्या स्वतः स्टीलची किटली घेऊन रस्ता ओलांडायच्या.

"क्या मॅडम," चाचा म्हणायचे, "पूरा औरंगाबाद पन्नी में चाय लेके जारा. किसी को कुछ हुआ क्या?"

"होता तो दिखता कहाँ है, चाचा? किटली भरो."

एक दिवस चाचांनी किटली भरली आणि हात आखडला. आवाज खाली आणून म्हणाले, "मॅडम, एक बात पूछूँ? बहू को डॉक्टर गाठ बोला. तुम्हारे जैसीच. निकाल डालो बोला."

मॅडम तिथंच स्टुलावर बसल्या. सुनेचं वय किती, मुलं किती, कागद कुठं आहे, अंगावरून किती जातं. चाचा कान धरल्यासारखे उत्तरं देत होते. मॅडम म्हणाल्या, "मैं डॉक्टर नहीं, चाचा. मैं मेंढकों की डॉक्टर हूँ. पर डॉक्टर को इतना पूछो कि आज नहीं निकाला तो क्या होगा. और बिना निकाले इलाज है क्या. जवाब ठीक लगा तो निकालो. डर के मारे मत निकालो." किटलीतला चहा गार झाला. त्या दिवशी प्राचार्यांना चहा मिळाला नाही, आणि शिपायाला बोलणी बसली.

आमचं गाव गंगापूर तालुक्यात, गोदावरीच्या बाजूला. गावात कापूस आणि ऊस. आमच्याकडं पिशवी काढणं म्हणजे दाढ काढल्यासारखं झालं आहे. दोन पोरं झाली, अंगावरून जास्त जायला लागलं, कामाला खाडे पडायला लागले, की घरचेच म्हणतात, काढून टाका एकदाची. माझ्या काकूची काढली तेव्हा माझी चुलत बहीण शाळेतही जात नव्हती. हे मी मॅडमना एकदा बोलून गेलो, म्हणजे कसंबसं, फळ्याकडं बघत. त्या म्हणाल्या, "मला तुमच्या गावाला न्या."

त्यांना कापसात काम करणाऱ्या बायकांची लघवी तपासायची होती. फवारणीची आणि प्लास्टिकची रसायनं त्यात किती येतात, आणि ज्यांना गाठी आहेत त्यांच्यात जास्त येतात का, ते बघायचं होतं. त्यासाठी त्यांनी काचेच्या लहान बरण्या आणल्या होत्या. पत्र्याचं झाकण, झाकणाच्या आत चांदीचा कागद. गंगापूरहून जीपमध्ये ते खोकं मी मांडीवर घेऊन बसलो होतो. ड्रायव्हरनं विचारलं, "लोणचं व्हय?" मी व्हय म्हणालो. मॅडमनी ऐकलं आणि खिडकीकडं तोंड करून हसल्या.

शाळेत बैठक ठेवली होती. बोलावलं होतं बायांना, पण पुढच्या सगळ्या खुर्च्यांवर पुरुष. सरपंच मध्ये. माझे वडील त्यांच्या शेजारी. बाया मागं, सतरंजीवर, पदर ओढून. गावातलं आरोग्याचं काम बघणारी आशाताई दारात.

सरपंचांनी विचारलं, "मॅडम कुठल्या?"

"करमाडच्या."

"करमाडात कुठल्या?"

हा प्रश्न कशासाठी असतो ते सगळ्यांना माहीत असतं. मॅडम म्हणाल्या, "करमाडात स्टँडजवळच्या." मागं बायांत कुणीतरी फिसकन हसलं.

मग त्या उभ्या राहून बोलायला लागल्या. पुरुषांसमोर त्या 'लघवी' म्हणाल्या, 'पाळी' म्हणाल्या. वडिलांनी टोपी काढली आणि परत घातली. मॅडमनी एक बरणी उचलून दाखवली. "उद्या सकाळची पहिली लघवी ह्यात द्यायची. आता हीच बरणी का, ते सांगते..." आणि त्या थांबल्या. वाक्य तसंच राहिलं. त्यांचा चेहरा पांढरा पडला, मागची खुर्ची हातानं चाचपली आणि त्या खाली बसल्या. "एवढंच," त्या म्हणाल्या. "बाकी आशाताई सांगतील." आशाताईला बाकी काही माहीत नव्हतं.

सरपंच सत्काराला उठले. शाल, श्रीफळ तयार होतं. सगळी बैठक उभी राहिली. मॅडम उठल्या नाहीत.

"मी बसूनच घेते," त्या म्हणाल्या.

सरपंचांनी शाल तशीच वाकून खांद्यावर टाकली, पण ते त्यांना आवडलं नाही. पुढच्या रांगेत कुजबुज झाली. माझे वडील ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "उठायला काय झालं? शिकलेल्या माणसाला मान घ्यायची बी रीत नसती व्हय?"

मला वाटलं जमीन फाटावी. मॅडमना मीच आणलं होतं. मी त्यांच्याकडं बघितलं, तर त्या खुर्चीच्या दोन्ही हातांना घट्ट धरून बसल्या होत्या, आणि वर्गात आडव्या उभ्या राहणाऱ्या त्या मॅडम कुणाच्याच डोळ्याला डोळा देत नव्हत्या.

तेव्हा मागून माझी आई आली. पुरुषांच्या रांगेतून आई कधी अशी चालत आलेली मी बघितली नव्हती. तिनं मॅडमच्या खांद्यावरची सत्काराची शाल काढली, त्यांना हाताला धरून उठवलं आणि उठता उठता शाल कमरेभोवती गुंडाळली. "चला ताई, घरी चहा घेऊ," एवढंच म्हणाली. दोघी दारातून गेल्या. जरा वेळानं आई बादली घेऊन परत आली आणि त्या खुर्चीवर पाणी ओतलं. मी बघितलं. वडिलांनीही बघितलं. ते चपला शोधत राहिले.

मॅडम त्या दिवशी आमच्याकडंच राहिल्या. सकाळी गोठ्यामागच्या दोरीवर त्यांची जांभळी साडी वाळत होती. गडद रंग त्यांना आवडतात म्हणून त्या घालत नव्हत्या, हे मला तेव्हा कळलं.

आशाताई नमुने घेऊन आली. तिनं पिशवी ओट्यावर उलटी केली तर काय निघावं! खोकल्याच्या औषधाच्या प्लास्टिकच्या बाटल्या, थंड पेयाच्या बाटल्या, एक तर फवारणीच्या औषधाचीच, धुऊन घेतलेली. सगळ्यांवर नावं घातलेली. काचेची बरणी एकही नाही.

"बरण्या कुठायत?" मॅडमनी विचारलं.

"बरण्या ठेवल्या की बायांनी घरी. इतकी चांगली काचेची बरणी, तिच्यात असलं कशाला भरायचं म्हणल्या. एकीनं तर मीठ भरलं बी."

मॅडम हसायला लागल्या. चष्मा काढून, डोळे पुसत. आईही हसली, कशाला ते न कळता. मग मॅडम थांबल्या. ज्या प्लास्टिकमधली रसायनं शोधायची, त्याच प्लास्टिकमध्ये सगळे नमुने आले होते. एकही कामाचा नव्हता.

"बायांची काही चूक नाही," त्या आईला म्हणाल्या. "काच का, ते सांगायच्या आधीच मी खाली बसले." मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, "अंकुशराव, मी फळ्यावर काढून दाखवते. सगळ्या जगाला सांगत फिरते की ह्यात लाजायचं काय. आणि एवढ्याशा डागानं मला खुर्चीला बांधून ठेवलं. मी आजारी आहे म्हणाले असते तरी चाललं असतं. तेही तोंडातून आलं नाही."

मी ओट्याच्या फरशीकडं बघत राहिलो.

त्यानंतर आमच्यात काहीतरी अवघडलं. त्या समोरून आल्या की मी नमस्कार करायचो, पण चेहऱ्याकडं न बघता. त्यांना ते कळायचं. त्यांनी मला वर्गात उभं करणं सोडलं. त्या पुन्हा आमच्या गावाला जाऊन आल्या, ह्या वेळी बैठक आमच्याच घरात, पुरुष बाहेर, हे मला गंगापूरच्या जीपवाल्याकडून समजलं. मला नेलं नाही म्हणून वाईट वाटलं आणि सुटल्यासारखंही वाटलं.

मी तिसऱ्या वर्षाला होतो तेव्हाची शेवटची भेट. भेट तरी कशी म्हणू? प्रयोगशाळेच्या बाहेरच्या व्हरांड्यात मॅडम भिंतीला टेकून उभ्या होत्या. ओठांना रंग नव्हता. हातातल्या स्टीलच्या बाटलीचं झाकण त्यांना उघडत नव्हतं. मी ते उघडून दिलं. नखं कागदासारखी पांढरी दिसली.

"मॅडम, कुणाला बोलावू का?"

त्या दोन घोट पाणी प्यायल्या. "शर्यतीत मागं पडतेय जरा," त्या म्हणाल्या. मग नेहमीच्या आवाजात, "तुमचं प्रॅक्टिकल आहे ना आता? जा."

मी गेलो. आत जाऊन खिडकीतून बघितलं तर त्या एका हातानं भिंत धरत, एकेका खांबापाशी थांबत, जिन्याकडं चालल्या होत्या.

दुसऱ्या दिवसापासून त्यांचा तास दुसऱ्या सरांनी घेतला. मी सरांना विचारलं. ते म्हणाले, "रजेवर आहेत. बायकांचं काहीतरी आहे." ह्यापुढं विचारायचं नसतं, असा त्यांचा चेहरा होता. मुलांमध्ये बोलणी झाली. कुणी म्हणालं ऑपरेशन झालं, कुणी म्हणालं त्या राहिल्याच नाहीत. त्यांचा नंबर माझ्याकडं होता. फोन लावून काय विचारायचं, त्याची वाक्यं मी मनात जुळवायचो. प्रत्येक वाक्यात तो एक शब्द यायचा. फोन लावला नाही. परीक्षा झाली, निकाल लागला, मी इथंच पुढं एम.एस्सी.ला नाव घातलं.

परवा सुट्टीला गावी गेलो. आई अंगणात तूर पाखडत होती, वडील बाजेवर बसले होते. मी हातपाय धुऊन बसलो तेव्हा आई सहज म्हणाली, "तुझ्या मॅडम आता बऱ्या हायत बरं का. करमाडला आईपाशी असतात."

"तुला कसं माहीत?"

"मला नाय तर कुणाला? पिशवी काढली त्यांची."

आईनं हा शब्द माझ्यासमोर पहिल्यांदा उच्चारला, तोही वडील शेजारी असताना. सूप तिच्या हातात तसंच चालू होतं.

"लई रगत गेलतं. रगत दिल्याबिगर हात लावत नव्हते डॉक्टर. आशाताईला कळलं, मंग आम्ही चौघी गेलो जीपनं, औरंगाबादला तुझ्या कालिजापाशीच्या दवाखान्यात, रगत द्यायला. चौघींचंबी घेतलं नाय. तुमच्यातच कमी हाय म्हणले, तुम्हीच गोळ्या खा." ती हसली. "मंग तुझ्या बापानं दिलं."

मी वडिलांकडं बघितलं. ते टोपी सारखी करत म्हणाले, "मान घ्यायला उठल्या नव्हत्या त्या दिशी. मी बोललो होतो." आणि उठून बैलांकडं गेले.

"आई, मी तिथंच होतो. शहरात. दवाखान्यापासून चालत जाता येतं एवढ्या अंतरावर. मला का नाही सांगितलं?"

आईनं सूप खाली ठेवलं.

"मी लावत होते की फोन तुला. मॅडमनीच धरला माझा हात. म्हणल्या, त्याला नका बोलावू. लाजतंय ते. इथं येऊन खाली बघत बसंल, आन् मला त्याची काळजी करावी लागंल."